संज्ञापन, म्हणजे कम्युनिकेशन, ही विद्याशाखा नेमकी कुठून आली?

प्रश्न असा आहे: एम.ए. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधात ‘संज्ञापन अभ्यासाचा उगम’ हे प्रकरण लिहायचे आहे. एका नोट्समध्ये सुरुवात ॲरिस्टॉटलपासून, दुसरीकडे लासवेल, लाझार्सफेल्ड, लेविन आणि हॉवलंड या सामाजिक शास्त्रज्ञांपासून, म्हणजे ‘चार जनकां’पासून, तर तिसरीकडे विल्बर श्रॅम यांच्यापासून केलेली सापडते. यातले काय धरायचे आणि प्रकरण कुठून सुरू करायचे?

थोडक्यात उत्तर असे. विद्यापीठातली विद्याशाखा म्हणून जनसंज्ञापनाची घडण १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकेत, आधी आयोवा आणि मग इलिनॉय विद्यापीठात झाली. ती घडवणारी मुख्य व्यक्ती श्रॅम. चार जनकांपैकी एकानेही या नावाची विद्याशाखा काढली नाही आणि त्यांना ती काढायचीही नव्हती. त्यांचे संशोधन महत्त्वाचे आहे, पण ते या विषयाचे संस्थापक ठरले ते मागाहून, दुसऱ्यांच्या लेखणीतून. आता हे सविस्तर पाहू, कारण या प्रकरणात विद्यार्थी जिथे अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे विचाराचा इतिहास आणि विद्याशाखेचा इतिहास यांची सरमिसळ. माणूस दुसऱ्याचे मन कसे वळवतो यावर ग्रीकांनी लिहिले, नाट्यशास्त्रात रसाच्या अंगाने लिहिले गेले, मीमांसकांनी शब्द आणि अर्थ यांचा कीस पाडला. हे सारे संज्ञापनाविषयीचे विचार आहेत, पण त्यामुळे विद्यापीठात एकही विभाग उघडला गेला नाही. विद्याशाखेचा जन्म शोधायचा असेल तर सहा गोष्टी शोधाव्या लागतात: त्या नावाचा विभाग किंवा संस्था, त्या नावाची पीएच.डी., संशोधन छापणारे नियतकालिक, प्राध्यापकांची संघटना, पाठ्यपुस्तक, आणि या सगळ्याला लागणारा पैसा. एक कागद घ्या, या सहा बाबी आडव्या लिहा आणि उभ्या बाजूला वर्षे मांडा. प्रकरणाचा सांगाडा तिथेच तयार होतो. पहिल्या दोन खान्यांत काही नसेल तर तिसऱ्या खान्यातले नियतकालिक कितीही जुने असो, विद्याशाखा अजून झालेली नाही असे समजावे.

या कसोटीवर एक जुना प्रवाह वक्तृत्वाचा निघतो, आणि आपल्याकडच्या पुस्तकांतून नेमका तोच गळलेला असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी महाविद्यालयांत भाषणकला शिकवणारे शिक्षक इंग्रजी विभागात बसत. तिथे साहित्य आणि निबंधलेखन हे मुख्य, भाषण तोंडी लावण्यापुरते. बढती साहित्यवाल्यांना, परिषदांतली व्यासपीठेही त्यांनाच. नोव्हेंबर १९१४ मध्ये शिकागो इथे सतरा शिक्षकांनी इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेपासून वेगळे होऊन सार्वजनिक भाषण शिकवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना काढली. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, त्यांचे त्रैमासिक निघाले. वेगळे झाल्यावर लगेच प्रश्न आला की आपले संशोधन कसले? पुढे कॉर्नेलला गेलेले एव्हरेट हंट म्हणत होते की वक्तृत्व हा इतिहास, नीती आणि राजकारण यांच्या जवळचा, मानव्यविद्येतला विषय आहे. इलिनॉयचे चार्ल्स वुलबर्ट म्हणत होते की मानसशास्त्राप्रमाणे प्रयोगशाळेत जा, मोजा, सिद्ध करा. हा वाद मिटला नाही. आजही अमेरिकी विभागांत वक्तृत्वसमीक्षा करणारे आणि आकडेवारीवर काम करणारे शेजारी शेजारी बसतात, त्याचे मूळ इथे आहे.

या संघटनेच्या नावांचा प्रवास आवर्जून नोंदवा. १९४६ मध्ये ती स्पीच असोसिएशन ऑफ अमेरिका झाली, १९७० मध्ये स्पीच कम्युनिकेशन असोसिएशन आणि १९९७ मध्ये नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. म्हणजे आज ‘कम्युनिकेशन’ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतली मोठी संघटना मुळात भाषणकलेच्या शिक्षकांची आहे. याच वर्तुळातून १९५० मध्ये आणखी एक संस्था निघाली, तीच १९६९ पासून इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन म्हणून ओळखली जाते. तिचे नियतकालिक १९५१ पासून निघते. हे माहीत नसले की अमेरिकी अभ्यासक्रमातला ‘इंटरपर्सनल कम्युनिकेशन’ हा पेपर आणि ‘मास कम्युनिकेशन’ हा पेपर एकाच झाडाच्या फांद्या वाटतात. ते तसे नाहीत. ते दोन वेगळ्या घरांतून आले आणि प्रशासनाने नंतर एका छताखाली आणले.

पत्रकारितेचा प्रवाह तुलनेने परिचित आहे, म्हणून थोडक्यात. मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेची शाळा निघाली, कोलंबियात १९१२ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून. या शाळांचे काम बातमीदार घडवणे हे होते. विस्कॉन्सिनच्या विलर्ड ब्लायर यांनी वेगळी वाट काढली. पत्रकारिता ही सामाजिक शास्त्रांच्या कुळातली मानून त्यांनी राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र यांत पीएच.डी. करणाऱ्यांना पत्रकारिता हा दुय्यम विषय घेण्याची सोय केली. त्यांच्या हाताखालचे लोक पुढे निरनिराळ्या विद्यापीठांत पत्रकारिता विभागांचे प्रमुख झाले. संशोधनाला जागा देणारे पत्रकारिता विभाग आधीपासून अस्तित्वात नसते, तर श्रॅम यांना बसायला खुर्ची मिळाली नसती.

युरोपात श्रॅम यांच्याआधीच हालचाल होती. माक्स वेबर यांनी १९१० मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत वृत्तपत्रांच्या मोठ्या सामूहिक अभ्यासाची योजना मांडली, ती तडीस गेली नाही. १९१६ मध्ये कार्ल ब्यूशर यांनी लाइपझिग विद्यापीठात वृत्तपत्रविद्येची संस्था काढली. मग उगम जर्मनीत का धरू नये, असे परीक्षक विचारतील. उत्तर असे की १९३३ नंतर नाझी राजवटीने ही शाखा आपल्या प्रचारयंत्रणेला जुंपली, विरोधक आणि ज्यू अभ्यासक देशोधडीला लागले, आणि जगभर पसरलेला नमुना तिथून निघाला नाही. तरीही प्रकरणात लाइपझिगला परिच्छेद द्याच. नाहीतर इतिहास उगाच एका देशाचा होऊन बसतो.

आता ज्या काळावर सर्वांत जास्त पाने खर्चावीत तो काळ: १९३७ ते १९४५.

पहिल्या महायुद्धातल्या प्रचाराने अभ्यासक हादरले होते. हॅरॉल्ड लासवेल यांचा त्या प्रचारतंत्रावरचा ग्रंथ १९२७ चा, वॉल्टर लिपमन यांचे लोकमतावरचे पुस्तक १९२२ चे. सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी पेन फंड या खासगी निधीच्या पैशातून १९२९ ते १९३२ या काळात अभ्यास झाले. इथे एक सार्वत्रिक चूक होते. त्या काळचे संशोधक ‘जादुई गोळी’ किंवा ‘इंजेक्शनची सुई’ हा सिद्धांत मानत होते, म्हणजे संदेश सोडला की सगळ्यांवर सारखाच परिणाम होतो असे समजत होते, असे आपली पाठ्यपुस्तके सांगतात. या नावाचा सिद्धांत त्या काळात कुणी मांडलेला नाही. पेन फंडाच्या अभ्यासांतच वय, लिंग आणि घरची परिस्थिती यांनुसार परिणाम बदलतो असे निष्कर्ष आहेत. हे लेबल पुढच्या पिढीने आधीच्यांना चिकटवले, स्वतःचे निष्कर्ष नवे दिसावेत म्हणून. प्रबंधात हा सिद्धांत एखाद्या व्यक्तीच्या नावावर टाकला असेल तर तो भाग काढून टाका.

रॉकफेलर फाउंडेशनने १९३७ मध्ये रेडिओच्या अभ्यासासाठी प्रिन्स्टनला दोन वर्षांकरिता ६७,००० डॉलर दिले. संचालक नेमले गेले पॉल लाझार्सफेल्ड, सोबत हॅडली कँट्रिल आणि सीबीएस या रेडिओ कंपनीतले फ्रँक स्टँटन. लाझार्सफेल्ड व्हिएन्नाहून आले होते आणि रिकाम्या हाताने आले नव्हते. तिथे त्यांनी ऑस्ट्रियाच्या रेडिओसाठी एक लाखाहून अधिक श्रोत्यांचे सर्वेक्षण आधीच केले होते. म्हणजे ज्याला आपण अमेरिकी संशोधनपद्धती म्हणतो तिचा मोठा भाग मध्य युरोपातून आलेला आहे. हा प्रकल्प पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९४४ पासून ब्युरो ऑफ ॲप्लाइड सोशल रिसर्च या नावाने चालला. ब्युरोचा खर्च विद्यापीठ नव्हे, बाहेरची कंत्राटे भागवत: फाउंडेशने, रेडिओ कंपन्या, मासिके, सरकार. प्रश्न कुठले विचारले जातील हे त्यामुळे बऱ्याच अंशी ठरले. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो १९३८ मध्ये या प्रकल्पात आले आणि रेडिओवरच्या संगीताचा प्रश्न श्रोत्यांच्या आवडीनिवडीत नसून संगीताचा माल करणाऱ्या व्यवस्थेत आहे असे म्हणू लागले. त्यांच्या कामाचा निधी लवकरच थांबला. लाझार्सफेल्ड यांनी १९४१ मध्ये ‘प्रशासकीय’ (पैसे देणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे शोधणारे) आणि ‘चिकित्सक’ (व्यवस्थेलाच प्रश्न विचारणारे) संशोधन असा भेद मांडणारा लेख लिहिला, त्यामागे हा अनुभव आहे.

याच प्रकल्पात ३० ऑक्टोबर १९३८ च्या मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीच्या, खऱ्या बातमीसारख्या वाटलेल्या रेडिओनाट्याने उडालेल्या घबराटीचा अभ्यास झाला. कँट्रिल यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. त्यासाठी न्यू जर्सीतल्या १३५ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या, पण त्यातले शंभराहून अधिक जण घाबरले होते म्हणूनच निवडलेले होते. अशा नमुन्यावरून घाबरलेले लोक कसे वागतात ते कळते. किती लोक घाबरले ते कळत नाही. तरीही ‘लाखो लोक रस्त्यावर आले’ हे वाक्य अजून नोट्समध्ये छापले जाते. वृत्तपत्रांनी ती घबराट बरीच फुगवली होती. रेडिओ तेव्हा त्यांच्या जाहिराती खात होता.

एरी काउंटीचा अभ्यास मात्र पद्धतीच्या दृष्टीने बारकाईने वाचा, कारण ‘दोन टप्प्यांचा प्रवाह’, म्हणजे माध्यमांतली गोष्ट आधी काही मोजक्या लोकांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे जाते हा विचार, तिथून निघतो. १९४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, मे महिन्यात, ओहायोतल्या या काउंटीत सुमारे ३,००० लोकांची यादी केली. त्यातून एकमेकांशी जुळणारे प्रत्येकी ६०० जणांचे चार गट पाडले. एका गटाची, म्हणजे पॅनेलची, दर महिन्याला मुलाखत, नोव्हेंबरपर्यंत. बाकीचे तीन गट नियंत्रणासाठी. त्यांना वेगवेगळ्या वेळी फक्त एकदाच पुन्हा भेटायचे, म्हणजे वारंवार विचारल्यामुळेच पॅनेलची उत्तरे बदलली का, हे ताडून पाहता येते. निष्कर्ष: ५३ टक्क्यांच्या बाबतीत प्रचाराने आधीचेच मत पक्के झाले, पक्ष बदलणारे फक्त ८ टक्के. आणि लोक सांगत होते की रेडिओ किंवा पेपरपेक्षा ओळखीच्या माणसांचा प्रभाव जास्त. अडचण अशी की अभ्यास या प्रश्नासाठी आखलेलाच नव्हता. कोण कुणाशी बोलले याची नोंद नव्हती. म्हणून १९४४ च्या पुस्तकात दोन टप्पे ही केवळ सूचना आहे. ती तपासायला १९४५ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर गावी ८०० स्त्रियांचा अभ्यास झाला: बाजारहाट, फॅशन, सिनेमा, सार्वजनिक प्रश्न. त्याचे पुस्तक एलिहू कॅट्झ यांच्यासोबत १९५५ मध्ये आले, दहा वर्षांनी. प्रबंधात ‘१९४४ मध्ये सिद्ध झाले’ असे लिहिले जाते, ते चूक. १९४४ गृहीतक, १९५५ तपासणी, असे लिहा.

या कामांत हर्टा हेर्झोग आणि हेझल गॉडेट या दोघी ठिकठिकाणी आहेत. मंगळाच्या अभ्यासात दोघी, एरीच्या पुस्तकात गॉडेट सहलेखिका. रेडिओवरच्या दैनंदिन मालिका स्त्रिया का ऐकतात यावर हेर्झोग यांनी केलेले काम ‘वापर आणि समाधान’ या, लोक माध्यमे स्वतःच्या कुठल्या गरजेसाठी वापरतात हे पाहणाऱ्या, पुढच्या सगळ्या परंपरेच्या मुळाशी आहे. जनकांच्या यादीत मात्र त्या नाहीत, आणि हे प्रकरणात स्पष्ट लिहायला हवे.

रॉकफेलरचे जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९३९ पासून या विषयावर मासिक चर्चासत्र भरवले. लासवेल, लाझार्सफेल्ड, कँट्रिल आणि इतर काही जण. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, पण सरकारला लोकमताचा अभ्यास लागणार हे दिसत होते आणि सरकारने तो उघड करणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. फाउंडेशनने ती उणीव भरली. कोण, काय, कुणाला आणि काय परिणाम, ही प्रश्नावली या चर्चासत्राच्या १९४० च्या कागदांतच दिसते. लासवेल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली, माध्यम हा पाचवा घटक असलेली मांडणी छापली गेली १९४८ मध्ये. म्हणून ‘लासवेल यांचे प्रतिमान, १९४८’ एवढेच लिहून थांबू नका. ते युद्धाच्या तोंडावर कामाची वाटणी करण्यासाठी आखलेले कोष्टक होते. त्यात प्रतिसाद नाही ही तक्रार विद्यार्थी हमखास करतात. पण संदेश पाठवणाऱ्याच्या बाजूने काय तपासायचे, एवढेच त्यातून ठरवायचे होते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर सारे वॉशिंग्टनला गोळा झाले. कार्ल हॉवलंड यांनी लष्करासाठी सैनिकांना दाखवल्या जाणाऱ्या प्रशिक्षणपटांचे प्रयोग केले. चित्रपटाने माहिती बरीच वाढते, पण लढण्याची इच्छा फारशी वाढत नाही, हा त्यांचा न आवडणारा पण प्रामाणिक निष्कर्ष. एकाच प्रयोगात पाच दिवसांनी आणि नऊ आठवड्यांनी मोजणी केल्यावर काही मतांवरचा परिणाम उशिरा वाढलेला दिसला. कर्ट लेविन यांनी टंचाईच्या काळात गृहिणींना न आवडणारे मांसाचे भाग शिजवायला कसे तयार करावे हे पाहिले. व्याख्यानापेक्षा गटचर्चा आणि तिथेच घेतलेला निर्णय प्रभावी ठरला. घरात अन्न कुठल्या वाटेने येते आणि त्या वाटेवर कोण अडवू शकते या त्यांच्या विचारातून ‘गेटकीपर’ आला. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी तो बातम्यांना लावला: एका संपादकाने आठवडाभर, तारेने आलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर नाकारण्याचे कारण लिहायचे. आलेल्या मजकुरापैकी सुमारे दहावा भागच छापला गेला होता. तो लेख १९५० चा, लेविन यांच्या निधनानंतरचा. लेविन १९४७ मध्येच गेले.

श्रॅम यांची गोष्ट आता नीट कळते. ते मूळचे इंग्रजी साहित्याचे. आयोवात पीएच.डी., तिथल्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेचे पहिले संचालक. युद्धकाळात वॉशिंग्टनला सरकारी माहिती कार्यालयात गेले. तिथे मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, पत्रकार आणि जाहिरातवाले एकाच टेबलावर बसून जनतेला काय आणि कसे सांगायचे ते ठरवत. १९४३ मध्ये आयोवाला परतल्यावर कार्यशाळेची जागा उरली नव्हती. पत्रकारिता शाळेचे प्रमुख फ्रँक ल्यूथर मॉट मात्र १९४२ मध्ये मिसुरीला गेले होते आणि ती खुर्ची मोकळी होती. श्रॅम तिच्यावर बसले आणि त्यांनी जनसंज्ञापनातली पीएच.डी. आखली. वॉशिंग्टनमध्ये जे टेबल तात्पुरते होते ते त्यांनी विद्यापीठात कायमचे केले.

आयोवाचे एके काळचे डीन जॉर्ज स्टॉडर्ड १९४६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांनी १९४७ मध्ये श्रॅम यांना नेले. तिथे इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स रिसर्च निघाली. लगोलग श्रॅम यांनी निरनिराळ्या विषयांतल्या लोकांचे लेख गोळा करून संकलने काढली, १९४८, १९४९ आणि १९५४ मध्ये. हीच पहिली पाठ्यपुस्तके. १९५५ मध्ये ते स्टॅनफर्डला आणि १९७३ मध्ये होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरला गेले. प्रत्येक ठिकाणी संस्था, विद्यार्थी, पुस्तक हा क्रम. विद्यार्थी बाहेर पडले आणि इतरत्र तेच केले. आमच्या सहा खान्यांच्या कोष्टकात १९४३ नंतर खाने भराभर भरतात ते यामुळे.

आता शॅनन. गणितज्ञ आणि अभियंते क्लॉड शॅनन यांचा, संदेश पाठवणारा ते घेणारा अशी प्रसिद्ध आकृती असलेला लेख १९४८ मध्ये बेल या टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात दोन भागांत आला. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांच्या सोप्या विवेचनासह इलिनॉय विद्यापीठाच्या प्रेसने त्याचे पुस्तक केले, म्हणजे ज्या विद्यापीठात श्रॅम होते तिथेच. शॅनन यांचा प्रश्न तारेतून संकेत कमीत कमी चुकांनिशी कसे न्यावेत हा होता. संदेशाचा अर्थ अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी संबंधित नाही असे ते सुरुवातीलाच स्पष्ट करतात. माणसांच्या संवादाला ते लावण्याची मुभा दिली वीव्हर यांनी. वर्गात ‘गोंधळ’ किंवा ‘नॉइज’ म्हणून भाषेचा फरक, पूर्वग्रह वगैरे उदाहरणे देतात ती शॅनन यांच्या लेखात नाहीत. आकृती वापरायची तर वापरा, पण ती कुणाच्या नावावर टाकताय ते नीट पाहा. गणित समजून न घेता ‘माहिती सिद्धांत’ हे शीर्षक देऊ नका.

चार जनकांची गोष्ट मग आली कुठून? एरीच्या पुस्तकाचे एक सहलेखक बर्नार्ड बेरेल्सन यांनी १९५९ मध्ये एका लेखात संज्ञापन संशोधन सुकत चालले आहे असे जाहीर केले, कारण ज्यांनी मोठ्या कल्पना दिल्या ते लासवेल, लाझार्सफेल्ड, लेविन आणि हॉवलंड एकतर गेले किंवा दुसरीकडे वळले. श्रॅम यांनी त्याच अंकात प्रतिवाद केला. पण चौघांची यादी त्यांना उपयोगी होती. पत्रकारिता शाळेत जन्मलेल्या नव्या शाखेला प्रतिष्ठित सामाजिक शास्त्रज्ञांचे कूळ मिळत होते. १९६३ च्या लेखात त्यांनी तेच चौघे संस्थापक म्हणून मांडले आणि तिथून ते पाठ्यपुस्तकांत उतरले. बेरेल्सन यांचे भाकीत गमतीशीर रीतीने खोटे ठरले नाही. मोठ्या कल्पना खरोखरच आटल्या होत्या, पण विभाग वाढत होते, कारण पत्रकारिता आणि वक्तृत्व या दोन्ही शाखांना पीएच.डी. झालेले प्राध्यापक हवे होते आणि विद्यार्थ्यांची रांग लागली होती. विद्याशाखा कल्पनांवर जगते की प्रवेशसंख्येवर, याचे उत्तर मला तरी या दशकात स्पष्ट दिसते.

पैशाची बाजू वगळून हे प्रकरण पुरे होत नाही. युद्धानंतर शीतयुद्धाचा पैसा आला. ब्युरोने व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओसाठी मध्यपूर्वेतल्या श्रोत्यांचा अभ्यास केला. डॅनियल लर्नर यांचे १९५८ चे आधुनिकीकरणावरचे पुस्तक त्याच सामग्रीवर उभे आहे. युनेस्कोसाठी श्रॅम यांनी १९६४ मध्ये माध्यमे आणि राष्ट्रीय विकास यांवर लिहिलेले पुस्तक त्याच वाटेवरचे. ‘विकास संज्ञापन’ म्हणून आपण जे शिकतो त्याची एक मुळी प्रचारसंशोधनात आहे, हे लिहायला बिचकू नका.

इथून धागा आपल्याकडे येतो. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग १९५२ मध्ये सुरू झाला तेव्हा सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली तिथे फुलब्राइट प्राध्यापक म्हणून आले होते. पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून. फोर्ड फाउंडेशनच्या ज्या तज्ज्ञगटात श्रॅम होते त्याच्या शिफारशींनंतर १७ ऑगस्ट १९६५ रोजी दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली. म्हणून आपल्या अभ्यासक्रमात पहिले नाव श्रॅम यांचे असते, आणि वक्तृत्वाचा प्रवाह नसतो: भारतात ही शाखा पत्रकारितेच्या दाराने आली, भाषणकलेच्या नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने याहून जास्त जागा द्यावी ती पुण्याच्या रेडिओ शेतकरी मंचांना. कॅनडातल्या प्रयोगावरून घेतलेली ही कल्पना आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत राबवली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचा मंच. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे. ऐकून झाले की तिथेच चर्चा, आणि चर्चेतले प्रश्न लिहून केंद्राकडे. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, आणि ते आखले पॉल नॉयराथ यांनी, जे लाझार्सफेल्ड यांच्याच वर्तुळातले. म्हणून आखणीत एरीची शिस्त दिसते: मंच असलेली गावे, रेडिओ आहे पण मंच नाही अशी गावे, आणि रेडिओही नाही अशी गावे. तिन्हीकडे आधी आणि नंतर मुलाखती. मंचाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ होती. लोक ऐकतात आणि मग एकमेकांशी बोलतात तेव्हाच ते रुजते, ही गोष्ट डिकेटरचे पुस्तक बाहेर पडल्याच्या दुसऱ्याच वर्षी मराठी गावांत मोजली गेली. १९५९ पासून योजना देशभर नेली. पण दहा आठवड्यांच्या प्रयोगात प्रत्येक मंचामागे जी माणसे आणि जे लक्ष होते ते विस्तारात टिकवणे अवघड होते. प्रयोगाचा निष्कर्ष आणि योजनेचे यश या दोन गोष्टी म्हणून वेगळ्या लिहा.

प्रकरण लिहिताना क्रम असा ठेवा. आधी कोष्टक. मग वक्तृत्व १९१४ आणि पत्रकारिता १९०८ हे दोन प्रवाह, लाइपझिगचा उल्लेख, नंतर रॉकफेलर आणि युद्ध, मग आयोवा-इलिनॉय, मग १९५९ चा वाद, शेवटी भारत. वीस पानांचे प्रकरण असेल तर रॉकफेलर ते इलिनॉय या भागाला आठ पाने द्या, भारताला सहा. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचे सांस्कृतिक अभ्यासाचे १९६४ चे केंद्र किंवा कॅनडातले हॅरॉल्ड इनिस यांचे १९५० चे लेखन ही वेगळी परंपरा आहे. ती ‘उगमात’ कोंबली की तारखा विस्कटतात, तिला पुढचे प्रकरण द्या. प्रत्येक संशोधनाला दोन वर्षे लावा, काम केव्हा झाले आणि छापले केव्हा गेले. निम्म्या चुका एवढ्यानेच जातात. आणि पुण्याच्या मंचांचा आकाशवाणीचे जे. सी. माथुर आणि नॉयराथ यांचा मूळ अहवाल युनेस्कोच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचायला मिळतो. दुय्यम पुस्तकांतला दोन ओळींचा सारांश उचलण्याआधी तो वाचा, त्यातली कोष्टके स्वतः पाहा आणि मंच नसलेल्या गावांचे आकडेही सोबत द्या.